तिसऱ्यांदा बढती नाकारली. या रागावर स्वतःचं वर्कशॉप उभं राहील का?

मायक्रोमीटर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

वय ३६, डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला १४ वर्षं झाली. गेल्या गुरुवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "काम उत्तम आहे रे, पण मॅनेजरच्या पोस्टला डिग्री लागते. पॉलिसी आहे." हे तिसऱ्यांदा. पोस्ट ज्याला मिळाली त्याला पहिल्या दिवशी व्हर्निअर हातात धरायला मीच शिकवलं होतं. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण सोमवारपासून माझ्या रजेच्या अर्जावर त्याची सही लागणार.

त्या रात्री झोप लागली नाही. दोनला उठलो आणि मुलीच्या जुन्या वहीत लिहीत बसलो: कुठल्या मशिनी, किती जागा, कोण गिऱ्हाईक. तपासणीची फिक्स्चर (भाग तपासताना नेमका धरून ठेवणारी चौकट) आणि गेज (माप बरोबर आहे का बघायचं साधन) बनवायचं छोटं वर्कशॉप, भोसरीकडे. छोट्या कारखान्यांना ही कामं वेळेत करून मिळत नाहीत, हे मी १४ वर्षं पलीकडच्या बाजूने बघितलंय. पहाट होईपर्यंत ११ पानं भरली. इतक्या वर्षांत इतकं सलग कधी लिहिलं नव्हतं.

शिल्लक ९ लाख. घराचा हप्ता २१,०००. बायको खाजगी शाळेत शिक्षिका, मुलगी चौथीत.

प्रश्न मशिनीचा नाही, ते मी बघेन. प्रश्न असा की हे सगळं मी रागाने करतोय. राग नसता तर वही उघडली नसती. ज्यांनी असं केलंय त्यांनी सांगा, हा राग किती दिवस पुरतो?

शेवगा

राजीनामा दिला नाहीस ना? आधी ते सांग.

मायक्रोमीटर

नाही. मसुदा मोबाइलमध्ये लिहून ठेवलाय.

शेवगा

मसुदा पुसून टाक. वही जपून ठेव.

तात्या_इचलकरंजी

मायक्रोमीटर, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. माझा राग पहिल्या पावसाळ्यापर्यंत पुरला.

२००१ साल. आखातातल्या नोकरीसाठी मुंबईला मुलाखती दिल्या. दोन फेऱ्या पार, तिसरीत बाद. घरी सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की मी चाललो, आईने बॅगसुद्धा आणली होती. महालक्ष्मीने परत आलो. सकाळी हातकणंगल्याला उतरताना ठरवलं की आता कुणाकडे अर्ज करायचा नाही. मामाकडून पैसे घेऊन ८५,००० ला जुना सहाफुटी लेथ आणला आणि पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. पहिले चार महिने मी रात्री बारापर्यंत उभा असायचो. "बघा म्हणावं आता", हेच डोक्यात.

मग पहिलं मोठं काम आलं, ३०० बुशांचं, म्हणजे आरपार भोक असलेल्या नळकांड्यांचं. त्यातले ४१ परत आले, बोअर, म्हणजे मधलं भोक, मोठा झाला म्हणून. तू क्वालिटीचा माणूस, तुला कळेल. बोअर बारीक राहिला तर बुश पुन्हा लेथवर चढवता येतो. मोठा झाला की भंगार. माझे ४१ च्या ४१ मोठे झालेले, कारण मला कुणाला तरी दाखवायची घाई होती आणि शेवटचा कट मी जास्त घेत होतो. गिऱ्हाइकाने मालाचे पैसे माझ्या बिलातून कापले. बाहेर पाऊस, शेडमध्ये पाणी, आणि मी एका बादलीत ४१ बुश घेऊन बसलेलो. त्या दिवशी राग संपला. मुंबईच्या त्या मुलाखतवाल्याचा चेहराही आठवेना.

पुढे मी टिकलो तो वेगळ्याच कारणाने. शेजारच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी माझ्या लेथची गाइडवे, म्हणजे सरकत्या भागाखालच्या पट्ट्या, हाताने स्क्रेप करून दिली, तीन दिवस लागले. निळा रंग लावायचा, सरळपट्टी फिरवायची, उंचवटा दिसेल तिथे खरवडायचं, परत रंग. ते बघताना मला पहिल्यांदा या कामाची गोडी लागली. गोडी आजवर आहे. आता चार मशिनी आहेत, नऊ माणसं आहेत.

तेव्हा रागाने शेडचं कुलूप उघड. पण शेवटचा कट रागात घेऊ नकोस.

निंबोणी

तात्या, तुमच्या बादलीपाशी थांबून गेले. फार खरं लिहिलंत.

रोप_आणि_मी

मी तात्यांशी सहमत नाही, निदान पूर्ण नाही.

मी राज्यसेवेचा अभ्यास पाच वर्षं केला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिले. दोनदा मुलाखतीपर्यंत गेले, दोन्ही वेळा यादीत नाव नाही. गावी परतले तेव्हा एका काकूंनी आईला माझ्यासमोर विचारलं, "आता हिचं काय करणार?" ते वाक्य मी चार वर्षं वापरलं. थकले की आठवायचं आणि उठायचं. मला ते पावसाळ्यापर्यंत नाही, पुढच्या तीन पावसाळ्यांना पुरलं.

आमच्याकडे नारायणगावच्या आसपास टोमॅटो भरपूर. शेतकऱ्याला तयार रोपं लागतात. मी वडिलांच्या १० गुंठ्यांत शेडनेट टाकून रोपवाटिका सुरू केली. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरायचं, कप्प्यात एकेक बी, उगवेपर्यंत ट्रे एकावर एक रचून झाकून ठेवायचे, मग बेडवर मांडायचे. साधारण २५ दिवसांत रोप शेतात जायला तयार. पहिल्या वर्षी मररोगाने ट्रेच्या ट्रे बसले. पाणी जास्त दिलं होतं. संध्याकाळी उभी असलेली रोपं सकाळी जमिनीशी दोरा बांधून ओढल्यासारखी आडवी. तेव्हा मला उभं कशाने केलं? गोडीने नाही, गोडी नव्हतीच अजून. त्या काकूंच्या वाक्याने.

आणि अभ्यासही वाया गेला नाही. पाच वर्षं रोज दहा तास एका जागी बसायची सवय, वही ठेवायची सवय. कुठल्या लॉटचं बी, कधी पेरलं, कधी गेलं, सगळं लिहिलेलं असतं. शेतकरी तक्रार घेऊन आला की वही उघडते. मायक्रोमीटर, तुमची ११ पानं वाचून मला माझी वही आठवली.

हिरवागार

अवांतर: ताई, गच्चीवरच्या कुंडीत टोमॅटोची रोपं अशीच आडवी होतात. उपाय सांगा ना.

रोप_आणि_मी

कुंडीला खाली भोक आहे का बघा. संध्याकाळी पाणी देणं बंद करा, सकाळी द्या, आणि वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नका. आडवी झालेली उपटून टाका, ती परत उठत नाहीत.

शेवगा

धागा उघडला गेज बनवायला, टोमॅटो निघाले. चला, निदान कुणाच्या तरी गच्चीचं भलं झालं :)

कुंडल_रोड

"डिग्री नाही म्हणून डावललं" वाचलं आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट लिहिल्यावाचून राहवेना. आमचं गाव किर्लोस्करवाडीच्याच रेल्वेमार्गावर आहे.

त्यांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि तिथे कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत. म्हणजे पहिला नकार शरीराने दिला. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकले, त्याला रंग लागत नाहीत. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला आले.

इथवर सगळे सांगतात. दोन गोष्टी मात्र सहसा राहून जातात. एक, बेळगावचं सायकलचं दुकान १८८८ चं. ते मुंबईत नोकरीला असताना भाऊ दुकान बघत होते. म्हणजे नोकरी सोडली तेव्हा पायाखाली काहीतरी होतं. दुसरी, बेळगावात त्यांनी कडब्याच्या कुट्टीची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर केला, आणि तो कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं माल समोर पडून! पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात माळरान दिलं. १९१० ला कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसली.

मला नेहमी वाटतं की ती दोन वर्षं बढतीच्या अपमानावर निघाली नसतील. आपला नांगर चांगला आहे याची खात्री होती म्हणून निघाली.

वाफाळता

व्हॉट्सॲपच्या ब्रायन ॲक्टनला २००९ मध्ये फेसबुकने नोकरी नाकारली होती. त्याने तसं उघड ट्विटही केलं होतं. २०१४ मध्ये त्याच फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घेतलं. मायक्रोमीटर, पुढे व्हा!

बंद_शटर

वाफाळता, तुमचा हेतू चांगला आहे, पण अशा गोष्टींनी माझं नुकसान झालंय, म्हणून लिहितो.

मीही नोकरीत डावललेला. २०१६ ला पावडर कोटिंगचं युनिट काढलं, म्हणजे लोखंडी मालावर पावडरचा रंग ओव्हनमध्ये भाजून बसवायचं. साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवला तो क्षण अजून आठवतो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण वाटला होता तो. पण मी धंदा निवडला होता साहेबाला दाखवायला. म्हणून शेड मोठी घेतली, मुख्य रस्त्याला, भाडं ३८,०००. बोर्ड मोठा केला, कंपनीच्या बसमधून दिसेल असा. ओव्हन गरजेपेक्षा दुप्पट मोठा घेतला. अर्धा भरला तरी डिझेल पूर्णच जळायचं. गिऱ्हाइकांकडे पैसे अडकले, बँकेचा हप्ता थांबेना, २०१९ ला शटर ओढलं. वडिलांनी गावचा प्लॉट विकून कर्ज मिटवलं. ते एक शब्द बोलले नाहीत, आजही बोलत नाहीत. तेच जास्त लागतं.

आता मी नोकरी करतो, मनापासून करतो. माझ्यासारख्यांना कुणी भाषणाला बोलावत नाही, म्हणून तुमच्यापर्यंत फक्त पोचलेल्यांच्याच गोष्टी येतात. मी "करू नका" म्हणत नाही. साहेबाला दिसेल म्हणून केलेला एकेक खर्च वहीत लाल पेनने खूण करून काढून टाका, एवढंच.

मायक्रोमीटर

बंद_शटर, आत्ता वही काढून बसलो. "काचेचं केबिन, १.२ लाख" लिहिलं होतं. खोडलं. मनापासून आभार.

वाफाळता

बंद_शटर, हात जोडून माफी मागतो. हे लिहायला धीर लागतो.

निंबोणी

एक घरातली बाजू लिहू का? माझ्या नवऱ्याने असाच अपमान होऊन धंदा सुरू केला. धंदा चालला, आज बरा चाललाय. पण पहिली दोन वर्षं तो राग शेडमधून घरी यायचा. ताटात भात कमी-जास्त झाला तरी आवाज चढायचा. मुलगा बाबांच्या गाडीचा आवाज आला की पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायचा. एके दिवशी मी म्हटलं, "तुमचा साहेब आपल्या घरात जेवायला बसतोय रोज." त्यानंतर हळूहळू बदललं.

तुमच्या पत्नीला ती ११ पानं दाखवलीत का? पहिल्या पोस्टमध्ये त्यांचा पगार आहे, त्यांचं मत नाही.

ताळेबंद

मी करसल्लागार आहे, कोरडं लिहितो पण उपयोगाचं.

उद्यम नोंदणी करा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. ती असली की एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा २००६ तुमच्या बाजूने उभा राहतो: लेखी करार असला तरी खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकराचं तेव्हाचं कलम ४३ब(एच) लागू झालं. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्चमध्ये हल्ली फोन उचलले जातात.

कर्जाचं: प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं पहिलं कर्ज फक्त नव्या युनिटला आहे. आधी मशीन घेऊन काम सुरू केलंत आणि मग अर्ज केलात तर बाद. क्रम चुकवू नका.

आणि सगळ्यात आधी स्वतःचं नेमणूकपत्र वाचा. नोकरीत असताना दुसरा धंदा करायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. कंपनीचं ड्रॉइंग, कंपनीचं गिऱ्हाईक, काही घेऊन बाहेर पडू नका.

तात्या_इचलकरंजी

ताळेबंद साहेब, कायदा बरोबर आहे. पण मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केली की पैसे मिळतात आणि गिऱ्हाईक जातं. मी २४ वर्षांत एकदाच केली, आणि ते गिऱ्हाईक जाणार हे धरूनच केली.

ताळेबंद

मान्य. म्हणून कुठलंही एक गिऱ्हाईक विक्रीच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देऊ नका. तक्रार करायची ताकद तिथून येते. आणि नव्या माणसाने फिक्स्चरच्या कामात आगाऊ रक्कम घ्यावी, ती वस्तू दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत कारागिरीच्या कित्येक धंद्यांत स्वतःचं दुकान काढायला 'माइस्टर' व्हावं लागतं, आणि तो दर्जा पात्रतेच्या चौकटीत पदवीच्याच पातळीला, सहाव्या पायरीवर आहे. माझ्या वर्कशॉपमधला माइस्टर कॉलेजला गेलेला नाही, आणि ड्रॉइंगवर त्याने पेन्सिलीने खूण केली की पदवीवाले इंजिनिअर ते बदलतात. १४ वर्षं माप घेतलेल्या हाताची किंमत तिकडे कागदावर नसेल, म्हणून ती कमी होत नाही.

मायक्रोमीटर

सगळं दोनदा वाचलं.

निंबोणी ताई, पानं दाखवली नव्हती. काल रात्री दाखवली. तिने शांतपणे सगळी वाचली आणि विचारलं, "यात तुझा पगार कुठे लिहिलाय?" नव्हताच लिहिला. मग दोघांनी मिळून बारावं पान लिहिलं. घरखर्च किती, तिच्या पगारात किती भागतं, कुठल्या महिन्यानंतर थांबायचं. १८ महिने ठरलेत. घराच्या हप्त्याचे १८ महिन्यांचे ३,७८,००० वेगळे काढले, त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे धंद्याला ९ लाख नाहीत, ५,२२,००० आहेत. नवी मशीन बाद. एक सेकंडहँड मिलिंग मशीन, मापं घ्यायला ग्रॅनाइटची सपाट सरफेस प्लेट, उंची मोजायचा हाइट गेज. बाकीचं जॉबवर्कवर, म्हणजे बाहेरून करून घ्यायचं.

नेमणूकपत्र वाचलं. मनाई आहेच. म्हणून सरळ नोटीस देतोय, तीन महिन्यांची. चोरून सुरुवात करायची नाही.

मायक्रोमीटर (आठ महिन्यांनी)

धागा वर काढतोय. कुणी विचारलं नाही, पण सांगावंसं वाटलं.

भोसरीत ३५० फुटांचा गाळा, आतल्या गल्लीत. बोर्ड अजून नाही, शटरवर रंगाने नाव लिहिलंय, मुलीने अक्षरं काढली. पाच गिऱ्हाइकं झाली. पगार अजून सुटत नाही, पण भाडं आणि वीज बाहेर पडते.

मे महिन्यात पहिलं फिक्स्चर गेलं, अल्युमिनियमचं, मधलं माप १०० मिमी. दोन दिवसांनी फोन: "रिजेक्ट. दोन शतांश मिमी कमी आहे." मी पाठवताना माप अचूक होतं, चार वेळा घेतलं होतं. फोन ठेवला आणि थेट त्या गुरुवारच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो. तोच घसा, तेच कान गरम. वाटलं, जाऊन भांडावं.

गेलो, पण मायक्रोमीटर घेऊन गेलो. त्यांच्या स्टँडर्ड रूममध्ये २० अंश. तिथे माझ्याच उपकरणाने घेतलं: ९९.९८. त्यांचं बरोबर. माझ्या गाळ्यात दुपारी ३८ अंश असतात. अल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट फुगतं, मायक्रोमीटर पोलादाचा. १०० मिमीला १८ अंशांचा फरक म्हणजे बरोब्बर ते दोन शतांश. १४ वर्षं मी एसी रूममध्ये मापं घेतली, तापमान कुणीतरी दुसराच सांभाळत होता. आता ते माझं काम आहे.

तात्या, तुमचं आठवलं. माप कमी भरलं म्हणजे ब्लॉकला भंगारच. नवा ब्लॉक केला, पहाटे पाचला शेवटचा कट घेतला, तापमानाचा हिशेब धरून. पास झाला. त्याच गिऱ्हाइकाने आणखी तीन दिलीत. गाळ्याचा एक कोपरा पार्टिशन घालून एसी केलाय, सहा बाय आठ फूट. बंद_शटर, ते काचेचं केबिन नाही, प्लायचं आहे, आणि आत फक्त सरफेस प्लेट बसते, मी बसत नाही.

आणि राग? खरं सांगायचं तर परवा तो मुलगा, माझा नवा साहेब झालेला, गाळ्यावर आला होता. एका गेजबद्दल विचारायला. चहा पाजला. तो गेल्यावर तासाभराने लक्षात आलं की आपल्याला काहीच वाटलं नाही.

रोप_आणि_मी

वाचून डोळे भरले. मुलीने काढलेल्या अक्षरांचा फोटो टाका.

बंद_शटर

प्लायचं केबिन. छान. फार छान.

निंबोणी

बाराव्या पानाचं काय? किती महिने झाले?

मायक्रोमीटर

ताई, नोटीस धरून नाही, गाळा उघडल्यापासून पाच. ते पान फ्रिजवर चिकटवलंय, दर एक तारखेला बायको एक चौकोन भरते.

तात्या_इचलकरंजी

पहाटे पाचचा कट. शाब्बास रे पोरा.

आता कामाचं. माझ्याकडे एका हाउसिंगसाठी तपासणीचं फिक्स्चर हवंय, इकडे ज्याला दिलं होतं तो दीड महिना फिरवतोय. ड्रॉइंग पाठवू का?

मायक्रोमीटर

पाठवा तात्या, ईमेलचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. उद्या संध्याकाळपर्यंत दर सांगतो. ४० टक्के आगाऊ लागतील.

ताळेबंद

+१ :)